ओंकारेश्वर: मांधाता बेटावर दोन रात्री मुक्काम करायचाय. बेटावर राहावं की मामलेश्वरच्या काठावर?

मेहरूणची_बोरं (जळगाव)
मंडळी, नमस्कार. आपल्याकडचे बहुतेक जण ओंकारेश्वरला सकाळी पोचतात, दर्शन घेतात आणि त्याच दिवशी गाडी उज्जैनकडे वळवतात. मला तसं नको आहे. नर्मदेच्या मधोमध अख्खं बेट, वर परमारांच्या काळातली देवळं, गाड्यांचा गोंगाट नाही. तिथे निवांत दोन रात्री राहायचा बेत आहे. आम्ही सात जण: माझे आई-बाबा (आईचे दोन्ही गुडघे दुखतात), आम्ही दोघं, माझा धाकटा भाऊ आणि दोन मुलं, वय ९ आणि १३. जळगावहून स्वतःची सात आसनी गाडी. डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा.

बेटावर खोली घ्यावी की अलीकडच्या काठावर? सामान कसं न्यायचं? बेटाची परिक्रमा मुलांना झेपेल का? आणि आईला घेऊन नेमकं काय काय करता येईल? ज्यांना तिथली माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

भुसावळ_यार्ड
गाडीच हवी असं काही नाही, ताई. भुसावळहून खांडवा रेल्वेने दोन तासांच्या आसपास. रावेर, बऱ्हाणपूर, नेपानगर करत जाते. खांडव्याहून ओंकारेश्वर रस्त्याने सत्तरेक किलोमीटर, बस मिळते. सकाळची गाडी पकडा म्हणजे झालं. संध्याकाळी उतरलात तर पुढची बस मिळेल न मिळेल, मग सात जणांना खाजगी गाडी करावी लागते.

तापीकाठ (रावेर)
सात माणसं आणि दुखरे गुडघे म्हटल्यावर स्वतःची गाडीच बरी. जळगाव ते ओंकारेश्वर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. भुसावळ, सावदा, रावेर, बऱ्हाणपूर, मग असीरगडाच्या पायथ्याने खांडव्याच्या बाजूला, देशगाव, सनावद, आणि तिथून ओंकारेश्वर. वाटेत चौपदरीकरणाची कामं आहेत, त्यामुळे नकाशा दाखवतो त्यापेक्षा तासभर जास्तच धरा. सकाळी सहाला निघालात तर जेवणाच्या वेळेला आरामात पोचाल.

एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. ओंकारेश्वर गाव नर्मदेच्या दक्षिण काठावर आहे. इंदूरकडून येणाऱ्यांना मोरटक्क्याचा पूल ओलांडावा लागतो आणि पुराच्या वेळी तो बंद झाला की ते अडकतात. आपण खानदेशातून जातो, आपल्याला तो पूल लागतच नाही.

आता मुख्य प्रश्न. जागा आधी डोळ्यांसमोर आणा. नदीच्या अलीकडे, म्हणजे दक्षिण काठावर, बसस्थानक, वाहनतळ, मामलेश्वर मंदिर, बहुतेक धर्मशाळा आणि हॉटेलं. पलीकडे बेट, त्यालाच मांधाता म्हणतात, वस्तीचं नाव शिवपुरी. बेटावर जायला दोन पूल: जुना पूल आणि झुला पूल. आपली गाडी अलीकडेच राहते, पलीकडे पायीच. आईंचे गुडघे दुखत असतील तर खोली अलीकडे घ्या, झुला पुलापासून जितकी जवळ मिळेल तितकी. त्या पुलावरून चालत गेलं की मंदिराच्या उंचीवरच निघता. होडीने गेलात तर घाटावर उतरवतात आणि तिथून मंदिरापर्यंत सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. पुष्कळ लोक ‘आईला चालायला नको’ म्हणून होडी करतात आणि पायऱ्या बघून तिथेच बसतात.

लळिंग (धुळे)
तापीकाठभाऊ, पूल आणि होडीचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण खोली अलीकडे घ्या हे मला पटत नाही. ताईंना बेटाचा मुक्काम हवाय, आणि बेटाचा खरा वेळ पहाटे पाच ते आठ आणि रात्री नऊनंतर. दिवसभराची गर्दी उतरली की गल्ल्या मोकळ्या होतात. त्या वेळी अलीकडे राहणारा माणूस पूल ओलांडायचा कंटाळा करतो. दोन रात्री असतील तर निदान एक रात्र बेटावर काढा.

तापीकाठ (रावेर)
एकेका रात्रीसाठी खोली बदलणं म्हणजे सात जणांचं सामान दोनदा उचलणं. शिवाय बेटावरच्या खोल्या बहुतेक जुन्या घरांत किंवा चढावर आहेत. दारापर्यंत सरळ वाट मिळणं नशिबाचं.

केळीचं_पान (सावदा)
दोघांचंही बरोबर आहे, फरक खोलीच्या दारात पडतो. फोनवर ‘रूम चांगली आहे का’ विचारून काही कळत नाही, सगळे हो म्हणतात. हे विचारा:

पुलाच्या टोकापासून दारापर्यंत पायऱ्या किती आणि कठडा आहे का? खोली कितव्या मजल्यावर? कमोड आहे की भारतीय पद्धतीचा संडास? (गुडघ्यांसाठी हा प्रश्न सगळ्यात मोठा. प्लास्टिकची कमोड-खुर्ची घडी करून डिकीत टाकली तर चिंताच नाही.) गरम पाणी नळाला येतं की सकाळी ठरलेल्या वेळेत बादलीने? रात्री फाटक किती वाजता बंद करतात? हे शेवटचं विसरू नका. रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास शयन आरती असते, आणि नऊला फाटक लावणाऱ्या धर्मशाळेत राहिलात तर आरती हुकते किंवा दार वाजवत उभं राहावं लागतं.

आणि खिडकीला जाळी आहे का ते बघा. वानरं.

खानदेशकन्या (मूळ अमळनेर, आता पुणे)
अलीकडच्या काठावर शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास आहे, ते कोणीच कसं लिहिलं नाही? स्वच्छता, शिस्त, प्रसादाचं जेवण, सगळं शेगावसारखंच. आपल्या माणसांना तिथे घरच्यासारखं वाटतं. फक्त आधी फोन करून खोली राखून ठेवता येईल असं धरून चालू नका. येईल त्याला क्रमाने मिळते. म्हणून शनिवार-रविवार टाळा, आणि दुपारी खोल्या मोकळ्या होण्याच्या वेळेला पोचा. प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. मध्य प्रदेश पर्यटन महामंडळाचंही निवासस्थान त्याच काठावर आहे, ते मात्र आधी आरक्षित होतं.

साक्री_नाका
बठ्ठा मंडळीस्ले रामराम. धुळे, साक्री, शिरपूरकडच्यांसाठी रस्ता लिहितो. शिरपूर, पळासनेर, बिजासन घाट, सेंधवा, जुलवानिया, तिथून उजवीकडे खरगोन, मग सनावद. अडीचशेच्या आसपास पडतं. नंदुरबार-शहाद्याची मंडळी खेतियावरून सेंधव्याला येऊन मिळतात. बिजासन घाटात अवजड ट्रक खूप, एखादा बंद पडला की रांग लागते. घाट उजेडात पार करा, आणि उतारावर ट्रकच्या पुढे घुसू नका, लोड घेऊन उतरताना त्यांचे ब्रेक तापलेले असतात.

सातपुड्याची_वाट
डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा चांगला निवडलात. पण पुढे हा धागा दुसरं कोणी वाचेल म्हणून पंचांगाची एक गोष्ट लिहून ठेवतो. आपला महिना अमावास्येला संपतो, मध्य प्रदेशात पौर्णिमेला. त्यामुळे तिकडचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि राखीला संपतो. आपल्या कॅलेंडरात अजून आषाढ वद्य चालू असतं आणि तिकडे श्रावणी सोमवारची तुफान गर्दी सुरू झालेली असते. ‘श्रावणाच्या आधी जाऊन येऊ’ असं आपलं कॅलेंडर बघून ठरवणारे नेमके त्या गर्दीत सापडतात. त्या सोमवारी देवाची सवारी निघते, पालखी होडीतून नर्मदेवर नेतात. सोहळा बघायचाच असेल तर जरूर जा, पण मग निवांत मुक्कामाची अपेक्षा ठेवू नका.

महाशिवरात्री मात्र दोन्हीकडे एकाच दिवशी. कार्तिकी पौर्णिमा, सोमवती अमावास्या आणि भूतडी अमावास्या या दिवशीही घाटांवर पाय ठेवायला जागा नसते. गाड्या गावाबाहेर, कोठी गावाच्या बाजूलाच थांबवतात, आणि तिथून पुढे चालणं किंवा ई-रिक्षा.

मेहरूणची_बोरं (जळगाव)
किती उपयोगी लिहिलंय सगळ्यांनी! पंचांगाचं तर लक्षातच आलं नसतं. परिक्रमेबद्दल कोणी सांगेल का? वाट कशी आहे, किती वेळ लागतो?

पायवाट_बऱ्हाणपूर
ताई, परिक्रमेचं मी सांगतो. अंतर सात किलोमीटरच्या आसपास. तेरा वर्षांच्याला काहीच वाटणार नाही, नऊ वर्षांच्यालाही थांबत थांबत जमतं. सगळं बघत गेलात तर साडेतीन-चार तास लागतात.

बेट उजव्या हाताला ठेवून चालायचं. मंदिरापासून नदीच्या कडेने पश्चिमेकडे निघायचं. हा पहिला टप्पा बराचसा सपाट, नदी डावीकडे. टोकाला संगम. बेटाच्या उत्तरेकडून वाहणाऱ्या प्रवाहाला तिकडे कावेरी म्हणतात (दक्षिणेतली नव्हे), ती इथे नर्मदेला मिळते. संगमाजवळ ऋणमुक्तेश्वराचं देऊळ आहे. तिथे चण्याची डाळ वाहतात, कर्ज फिटावं म्हणून. डाळ दारातच विकायला असते, घरून न्यायची गरज नाही.

संगमानंतर चढ सुरू होतो, परिक्रमेतला दमवणारा भाग हाच. त्यासाठीच सकाळी सहाला निघा म्हणतो. ऊन चढायच्या आत हा टप्पा मागे पडला पाहिजे. वर आलात की गौरी सोमनाथाचं देऊळ. उंच, दगडी, भूमिज शैलीतलं. आतलं शिवलिंग इतकं मोठं आणि गुळगुळीत काळं आहे की एका माणसाच्या मिठीत मावत नाही. मामा-भाच्यांनी मिळून मिठी मारली तरच हात जुळतात अशी तिथली समजूत, म्हणून त्याला मामा-भांजे मंदिरही म्हणतात. तुमच्याबरोबर मामा आणि भाचरं दोन्ही आहेत, त्यांना घेऊन जाच.

पुढे सिद्धनाथ. घाई असली तरी इथे अर्धा तास द्या. शिखर शिल्लक नाही, खांब तेवढे उभे आहेत, चारही दिशांना सभामंडप. पण सगळ्यांचं लक्ष वर जातं आणि बघण्यासारखं खाली आहे. ज्या जोत्यावर देऊळ उभं आहे त्याच्या कडेने हत्ती कोरलेले आहेत, एकमेकांना भिडलेले. काहींच्या सोंडा तुटल्यात, पण पायांखाली चिरडलेली माणसं अजून दिसतात. सकाळचं तिरपं ऊन पडलं की कोरीव काम उठून दिसतं, दुपारी सगळं सपाट वाटतं. मुलांना जोत्याभोवती फिरवून हत्ती मोजायला सांगा.

याच वरच्या वाटेवर जुन्या तटबंदीचे दरवाजे, आशापुरी माता, उंच शंकराची मूर्ती असलेलं राजराजेश्वरी हेही लागतं, आणि शेवटी पायऱ्यांनी खाली वस्तीत. उतरताना राजवाडा लागतो.

बरोबर काय घ्यायचं: माणशी लिटरभर पाणी, मुलांना टोपी, हातात एक काठी. लिंबूपाणी-चहाची टपरी वाटेत मिळते, पण सकाळी लवकर उघडलेली असेलच असं नाही. अनवाणी जायचं असेल तर हिवाळ्यातच. एप्रिल-मे महिन्यात निमाडचं ऊन आपल्या जळगावसारखंच, नऊनंतर दगडावर पाय ठेवत नाही.

केळीचं_पान (सावदा)
काठी मारायला नाही, नुसती हातात दिसायला. प्रसादाची पिशवी उघडी धरली की वानर हातातून ओढून नेतं. खाण्याचं सगळं पाठीवरच्या चेन लावलेल्या पिशवीत. मुलांना सांगून ठेवा, ओढाओढ करायची नाही, सोडून द्यायचं.

जामनेरकर_अप्पा
परिक्रमा म्हटली म्हणून सांगतो. नर्मदा परिक्रमा उचलणारे पुष्कळ जण ओंकारेश्वरहूनच सुरुवात करतात. एकदा परिक्रमा उचलली की नर्मदा ओलांडायची नाही असा नेम, म्हणून परिक्रमावासी अलीकडच्या काठावरच थांबतात. बेटावर त्यांना परिक्रमा पुरी झाल्यावरच जाता येतं, मग नदीचं जल ओंकारेश्वराला वाहतात. डिसेंबरात तुम्हाला ते अलीकडच्या धर्मशाळांत भेटतील, त्यात मराठी माणसं खूप. खोलीच्या गर्दीत हाही हिशेब धरा. चातुर्मास संपल्यावर ती ये-जा सुरू होते. आणि हो, मुलांना त्यांच्याजवळ पाच मिनिटं बसवा. नमस्कार ‘नर्मदे हर’ म्हणून करायचा.

पाटबंधारे_नाना (चोपडा)
सगळ्यांनी राहण्या-फिरण्याचं लिहिलं, पाण्याचं कोणी लिहिलं नाही. दोन लहान मुलं बरोबर आहेत, म्हणून हे नीट वाचा.

बेटाच्या लगेच वर, पूर्वेला, ओंकारेश्वर धरण आहे. झुला पुलावरून समोर दिसतं. ५२० मेगावॉटचं वीजघर आहे तिथे, आणि त्याच्याही वर पुनासाला इंदिरा सागर. विजेची मागणी वाढली की यंत्रं सुरू होतात आणि खाली पाणी सुटतं. म्हणजे पावसाळा नसला, आभाळ निरभ्र असलं, तरी घाटावरची पातळी थोड्या वेळात काही फूट वाढू शकते. सकाळी कोरडा दिसलेला खडक दुपारी पाण्याखाली. आधी भोंगा वाजवतात. भोंगा ऐकू आला की काठावरचे लोक काय करतात याकडे बघत बसू नका, सरळ वर या.

यंत्रं बंद असली की संगमाकडे आणि कावेरीच्या बाजूला खडक उघडे पडतात. मुलांना तिथे उड्या मारत जावंसं वाटतं, फोटो काढणाऱ्या मोठ्यांनाही. तिथेच माणसं अडकतात, कारण पाणी मागच्या बाजूने भरतं आणि परतीची वाट आधी बुडते. संगमावर काठावरूनच बघा.

स्नान करायचं तर गावातल्या बांधलेल्या घाटांवर, साखळीच्या आत. शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ असतं. पाण्याला तोंड करून सरळ उतरू नका, आडवं पाऊल टाका आणि साखळी सोडू नका. आजी-आजोबांना तांब्याने वरच्या पायरीवर स्नान घाला, पुण्यात काही कमी होत नाही.

होडीत बसणार असाल तर आधी जॅकेट अंगावर, मग पाऊल होडीत. जॅकेट पायाशी ठेवलेलं असतं आणि ‘लागलं तर घाला’ म्हणतात, तसं नको. पावसाळ्यात पाणी चढलं की होड्या बंदच असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये नर्मदेला मोठा पूर आला होता, त्याच सुमारास बेटावरच्या आदि शंकराचार्यांच्या पुतळ्याचं अनावरण १८ तारखेवरून २१ वर गेलं. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात मुक्काम ठरवणाऱ्यांनी धरणाच्या बातम्या बघूनच निघावं.

खानदेशकन्या (मूळ अमळनेर, आता पुणे)
नाना, फार महत्त्वाचं लिहिलंत. ॲडमिन, हा प्रतिसाद धाग्याच्या वर लावता आला तर बघा.

लळिंग (धुळे)
दर्शनाबद्दल थोडं. मूळ लिंग शिखराच्या बरोबर खाली नाही, एका बाजूला आहे, आणि दार अरुंद. आत गेल्यावर ‘समोर काय आहे’ हे कळेपर्यंत पुढे सरकवतात. म्हणून आधीच सांगतो: लिंग लहान आहे, घडवलेलं नाही, मूळ खडकासारखं, मागे पार्वतीची मूर्ती. कुठे बघायचं ते माहीत असलं की दोन क्षणही पुरतात. मंदिर पाच मजली आहे, वरच्या मजल्यांवर महाकालेश्वर वगैरे आहेत, पण तो जिना आईंना नको.

पहाटे पाचच्या सुमारास मंदिर उघडतं, त्या वेळेची रांग सगळ्यात छोटी. दुपारी बारानंतर नैवेद्यासाठी दर्शन काही वेळ थांबतं, त्या वेळी उन्हात रांगेत उभं राहू नका. शीघ्र दर्शनाची पावती मंदिर ट्रस्टच्या खिडकीवरच किंवा त्यांच्या संकेतस्थळावरच घ्या. पुलावर ‘लगेच आत नेतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

शयन आरतीला देवासमोर चौसर मांडतात, शंकर-पार्वती रात्री खेळतात म्हणून. बेटावर राहायचं तर याचसाठी.

मेहरूणची_बोरं (जळगाव)
आणि मामलेश्वर? तिथे काय बघायचं?

पायवाट_बऱ्हाणपूर
दोन्ही मिळून एक ज्योतिर्लिंग अशी श्रद्धा आहे, मामलेश्वर चुकवायचं नाही. अलीकडच्या काठावर असल्याने आईंना सोपं. आपल्या मराठी माणसाने तिथे दोन गोष्टी जरूर बघाव्यात. एक म्हणजे भिंतीवरचे शिलालेख: शिवमहिम्न स्तोत्र दगडात कोरलंय, काळ इ.स. १०६३. अक्षरं बारीक आहेत, मोबाईलचा उजेड बाजूने तिरपा पाडला की वाचता येतात. हात फिरवू नका, पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. दुसरं, होळकरांच्या काळापासून चालत आलेलं लिंगार्चन: ब्राह्मण मातीची छोटी छोटी शिवलिंगं लाकडी पाटावर ओळीने करतात, पूजा करतात आणि नर्मदेत विसर्जन करतात. सकाळच्या वेळी गेलात तर चालू असतं.

वांग्याचं_भरीत
जेवायचं काय, हे कोणीच विचारलं नाही! सकाळी पोहे-जिलेबी सगळीकडे. दुपारी दाल-बाफला. आपली वरण-बट्टी आणि तो बाफला भावंडंच, फक्त आपण बट्टी उकडून चिरतो आणि तेला-तुपात तळतो, ते उकडून मग निखाऱ्यावर भाजतात आणि तुपात बुडवतात. जड असतो, खाऊन परिक्रमेला निघू नका.

जामनेरकर_अप्पा
बट्टी फक्त तळलेलीच असते असं कोणी सांगितलं? शेणीवर भाजलेली बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी, हे खरं.

वांग्याचं_भरीत
अप्पा, त्यासाठी वेगळा धागा काढतो, तिथे या. इथे एवढंच सांगतो, घरून दशम्या न्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, दोन दिवस मऊ राहतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं. आजी-आजोबांना बाहेरचं तेल नको झालं की एक वेळ निघते. आणि १ एप्रिल २०२५ पासून ओंकारेश्वरात दारूबंदी आहे, मांसाहारही शोधू नका. तीर्थाचं गाव आहे.

भुसावळ_यार्ड
परतीच्या वाटेवर सनावदहून बेडियाच्या बाजूला रावेरखेडी. थोरल्या बाजीरावांचं निधन २८ एप्रिल १७४० ला तिथेच झालं, नर्मदाकाठी समाधी आहे. नकाशात पूर्ण ‘रावेरखेडी’ लिहा. नुसतं रावेर टाकलंत तर आपल्याच रावेरला आणून सोडेल.

तापीकाठ (रावेर)
आमच्याकडे आलात तरी स्वागतच आहे! पण रावेरखेडी खरंच बघण्यासारखी. मोठ्या गाडीला आतला रस्ता अरुंद आहे, उजेडात जा. बेडियाला मिरचीची मोठी बाजारपेठ आहे, डिसेंबरात लाल मिरचीचे ढीग लागलेले असतात. मुलांचे डोळे झोंबतील, काचा वर घ्या.

मेहरूणची_बोरं (जळगाव)
सगळं वाचून असं ठरवतेय: बुधवारी निघायचं, शुक्रवारी दुपारी परत, म्हणजे शनिवार-रविवार टळतो. आई-बाबा आणि आम्ही दोघं अलीकडे, झुला पुलाजवळ. भाऊ आणि मुलं एक रात्र बेटावर. आईसाठी कमोड-खुर्ची डिकीत. परिक्रमा गुरुवारी पहाटे आम्ही पाच जण करू. त्या चार तासांत आई-बाबांनी काय करावं? नुसतं खोलीत बसवायचं जिवावर येतं.

लळिंग (धुळे)
उत्तम. मुलांना बेटावरची रात्र मिळतेय, मी समाधानी.

तापीकाठ (रावेर)
लळिंगभाऊंचं आणि माझं दोघांचं राखलंत, ताई. आई-बाबांसाठी सांगतो: सकाळी मामलेश्वर आणि लिंगार्चन निवांत बघावं. मग ई-रिक्षाने झुला पुलापर्यंत आणि पुलाच्या मध्यापर्यंत चालत. तिथून धरण, घाट, बेट, राजवाडा सगळं दिसतं. घडीचं स्टूल बरोबर असू द्या. आणि आईंचं ओंकारेश्वराचं दर्शन बुधवारी संध्याकाळी उरकू नका, प्रवासाने पाय सुजलेले असतात. शुक्रवारी पहाटे, विश्रांती झाल्यावर.

खानदेशकन्या (मूळ अमळनेर, आता पुणे)
सामानाचं राहिलंच होतं. सात जणांचं सामान दोन भागांत भरा. मोठ्या बॅगा अलीकडच्या खोलीत, आणि बेटावर जाणाऱ्या तिघांना प्रत्येकी एक पाठपिशवी: एक कपड्याचा जोड, पंचा, स्वेटर, टॉर्च, औषधं. चाकांची बॅग पुलापलीकडे नेऊच नका, गल्लीतल्या दगडी पायऱ्यांवर चाकं मोडतात. डिसेंबरात पहाटे नदीकाठी गार असतं, मुलांना कानटोपी. मोठा दवाखाना लागलाच तर सनावद किंवा खांडवा, त्यामुळे आई-बाबांची रोजची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या.

केळीचं_पान (सावदा)
एक राहिलं. भाऊ आणि मुलं वेगळी राहणार, तर मुलांच्या आधार कार्डांच्या प्रती भावाकडे द्या. खोली देताना मुलं कोणाची हे विचारतात, आणि त्यांचं आडनाव मामापेक्षा वेगळं असणार. तुमचा फोन नंबर त्याच कागदावर मागे लिहून ठेवा.

मेहरूणची_बोरं (जळगाव)
हे तर डोक्यातच आलं नव्हतं. आजच प्रती काढते. बेटावरच्या दोन-तीन ठिकाणी फोन करून पायऱ्या, कमोड, फाटकाची वेळ विचारते आणि इथे लिहिते, म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल. नर्मदे हर.

जामनेरकर_अप्पा
नर्मदे हर. फोन दुपारी बारा ते दोनमध्ये करू नका, त्या वेळी सगळे नैवेद्याच्या आणि जेवणाच्या गडबडीत असतात, कोणी उचलत नाही. चारनंतर करा.